घरातली दुरुस्ती : पिकअपचा स्क्रू धरेना तेव्हा



जत तालुक्यातील एका वाचक बंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्या गायन पार्टीकडे एक इलेक्ट्रिक बेंजो आहे. त्याच्या तारांखाली बसवलेला पिकअप हलतो. स्क्रू कितीही पिळला तरी तो नुसता फिरत राहतो, धरत नाही. सुताराला दाखवले तर तो म्हणाला, हे वाजवायच्या वस्तूचे काम, माझे नव्हे. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेले तर तो म्हणाला, हे लाकडाचे काम, माझे नव्हे. आता आम्ही कोणाकडे जावे, असा त्यांचा सवाल आहे.

कोणाकडेच जाऊ नये, असे माझे उत्तर आहे. हे काम घरी होते. आमच्या वस्तीतल्या गिटारचे हेच दुखणे आम्ही या वर्षी घरी बरे केले. त्यात जे शिकलो ते आज लिहितो. त्यातच माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगायची आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

मिक्सर, शिलाई मशीन, गॅसची शेगडी यांच्या पानावर गिटार कशाला, असे काही भगिनींना वाटेल. पण आपल्या वस्तीत वाद्य हे एकट्याच्या हौसेचे नसते, ते वर्गणीचे असते. आमची गिटार ५८ घरांच्या वर्गणीतून जुन्या बाजारात ७,००० रुपयांना घेतली. कोणी ५० दिले, कोणी २००. म्हणून ती बिघडली की तो सार्वजनिक पैशाचा प्रश्न होतो.

आणखी एक गोष्ट तरुण मुलांना ठाऊक असावी म्हणून लिहितो. आपल्या पूर्वजांवर गावकीने जी कामे लादली, त्यांत कित्येक गावी दलित समाजातील कोणाकोणावर वाजवण्याचेही काम होते. हुकूम झाला की जायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहून वाजवायचे आणि पसाभर दाण्यावर परतायचे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली जनावरे ओढणे आणि मृतमांस सोडण्यास सांगितले, त्यानंतर गावोगाव असली कामे टाकली गेली. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा पेटी-ढोलकी पुन्हा हातात आली. पण ती आपल्या मर्जीने आणि आपल्या कामासाठी आली. त्या पेटीच्या जागी आता कीबोर्ड, बेंजो आणि गिटार आहेत, इतकेच.

आता बेंजोविषयी. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते खरे बुलबुलतरंग. जपानमधील नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या गृहस्थाने १९१२ साली ताइशोगोतो नावाचे वाद्य केले. टाइपरायटरसारखी बटणे दाबून तारांवर सूर काढायचा, ही त्याची कल्पना. तेच आपल्याकडे येऊन बुलबुलतरंग झाले आणि महाराष्ट्रात बेंजो पार्टीच्या रूपाने मिरवणुकीत शिरले. त्याचा आवाज मूळचा बारीक. त्याला पिकअप लावून तो ॲम्प्लिफायरला जोडला, म्हणून तो रस्त्यावर ऐकू येतो.

पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अगदी सूक्ष्म वीज तयार होते. ती ॲम्प्लिफायरमध्ये जाऊन मोठी होते. यातली महत्त्वाची गोष्ट ही, की तार आणि पिकअप यांच्यातले अंतर नेमके असावे लागते. फार लांब गेला तर आवाज मरतो. फार जवळ आला तर चुंबक तारेलाच खेचतो आणि सूर डळमळतो. शेवटच्या पट्टीवर तार दाबून धरली असता तार आणि पिकअप यांत दोन ते अडीच मिलिमीटर फट असावी. बारीक तारांच्या बाजूला जरा कमी चालते. ही फट सांभाळण्याचे सगळे ओझे दोन-तीन बारक्या स्क्रूंवर असते. म्हणून स्क्रू गेला की वाद्य गेले, असे वाटू लागते.

आमच्या गिटारचे तेच झाले. १४ एप्रिलच्या रात्री विहारासमोर कार्यक्रम रंगात आला होता. तिसऱ्या गाण्याला गिटारच्या बारीक तारा एकदम मुक्या झाल्या. जाड तारा वाजत होत्या, बारीक नाहीत. वाजवणारा मुलगा १९ वर्षांचा, आयटीआयला जाणारा. त्याने वर्गणीचे एक पावतीपुस्तक दुमडून पिकअपच्या खाली कोंबले आणि कसाबसा कार्यक्रम निभावून नेला. लोकांना कळलेसुद्धा नाही. खरे तर त्याच रात्री त्याची पाठ थोपटायला हवी होती.

झाले उलटेच. पुढच्या रविवारी मंडळाची बैठक झाली. गिटार शहरातल्या एका दुकानात दाखवली होती. दुकानदाराने पिकअप बदलावा लागेल म्हणून मजुरीसह ४,५०० रुपये सांगितले होते. आकडा ऐकून बैठक तापली. एक ज्येष्ठ म्हणाले, "आरं, पोरांच्या हातात दिली की अशीच गत व्हायची. पिळून पिळून आटं घालवलं त्यानं." मुलगा म्हणाला, "मी स्क्रूला हातच लावला नव्हता, तात्या." कोणी ऐकले नाही. मी खजिनदार. मीही गप्प बसलो. दुसऱ्या दिवसापासून मुलाने सरावाला येणे बंद केले.

चार दिवसांनी त्याची आई आमच्या घरी आली. ती चार घरची धुणीभांडी करते. पदराच्या गाठीतून ५०० रुपये काढून तिने माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "भाऊजी, हा पहिला हप्ता. उरल्यालं म्हैन्याला थोडं थोडं देईन. पण माझ्या पोरानं समाजाची वस्तू मोडली असं कुणी म्हणू नगा." माझ्या पत्नीने तिला बसायला सांगितले, चहा टाकला. आणि मी काय केले? कारकुनाची सवय! पैसे मोजले, पावती फाडली, सही केली आणि तिच्या हातात दिली. ती गेल्यावर पत्नी माझ्याशी त्या दिवशी फारसे बोलली नाही.

त्याच रात्री मी गिटार घरी आणून उघडली. पाहूया तरी ४,५०० रुपयांचे काय मोडले आहे, असे मनाशी म्हटले.

वाचकांनीही उघडताना काही गोष्टी सांभाळाव्यात. आधी तारा सैल करून काढाव्यात. पिकअपच्या जवळ पेचकस नेला की चुंबक त्याला झटकन ओढतो. टोक वेढ्यांवर आपटले तर ती केसासारखी तार तुटते, आणि मग मात्र खरेच पिकअप बदलावा लागतो. म्हणून वेढ्यांवर आधी कागदी चिकटपट्टी लावून घ्यावी. पिकअपपासून आत जाणारी वायर ओढू नये. स्क्रू काढले की कोणता कुठला ते कागदावर चित्र काढून त्यात टोचून ठेवावेत.

आमच्या गिटारचा पिकअप एका प्लॅस्टिकच्या चौकटीत लटकतो. चौकट चार छोट्या लाकडी स्क्रूंनी गिटारच्या अंगाला बसवलेली. पिकअपच्या दोन्ही टोकांना पत्र्याचे एकेक कान असते. चौकटीतून एकेक लांब स्क्रू स्प्रिंगमधून खाली येतो आणि त्या कानातल्या आट्यात बसतो. स्प्रिंग पिकअपला खाली दाबते, स्क्रू वर धरतो. कानातले आटे गेले की स्प्रिंग जिंकते आणि ते टोक खाली बसते. बारीक तारा मुक्या झाल्या त्या यामुळे. शिवाय चौकटीच्या एका कोपऱ्यातले लाकडातले भोकही ढिले झाले होते. म्हणजे दुखणी दोन, एक पत्र्याचे आणि एक लाकडाचे.

आता चूक. बारीक तारांच्या बाजूचा लांब स्क्रू काढून मी बोटांत धरला, तर बोटांना काळे लागले. डोक्यावरची काळी शाई निघाली आणि खालून पिवळा मुलामा दिसू लागला. दुसऱ्या बाजूचा स्क्रू मूळचाच काळा होता. ती शाई माझी होती. दोन वर्षांपूर्वी वर्षावासाच्या समारोपाच्या कार्यक्रमाआधी तिथला स्क्रू हरवला होता. मी घरच्या डब्यातला लांबी-जाडीने जुळणारा एक स्क्रू घेतला. तो दोन वेढे गेला आणि अडला. मी दात खाऊन तो पिळला. मग वरून वेगळा दिसू नये म्हणून मार्करने त्याचे डोके काळे केले आणि कामगिरीवर खूश होऊन घरी आलो. बैठकीत हे मला आठवले नव्हते असे मी म्हणू शकतो. पण एक शंका मनाला चाटून गेली होती आणि मी ती झटकली होती, हे जास्त खरे आहे.

तो स्क्रू का अडला, ते दुसऱ्या दिवशी एका लेथवाल्या मित्राने दाखवले. अशा पिकअपमध्ये दोन जातींचे स्क्रू येतात. एक मेट्रिक, अडीच मिलिमीटर जाडीचा. त्याच्या दोन आट्यांतले अंतर ०.४५ मिलिमीटर. दुसरा इंची मापाचा. त्याचीही जाडी जवळजवळ अडीचच, पण आट्यांतले अंतर ०.५३ मिलिमीटर. डोळ्यांना दोन्ही सारखे. एकाच्या जागी दुसरा घातला तर दोन वेढे जातो, मग एकमेकांच्या आट्यांवर चढतो. तिथे थांबायचे असते. जोर लावला की पातळ पत्र्यातले आटे कापले जातात. ते त्याच दिवशी पडत नाहीत. स्प्रिंगच्या दाबाखाली वर्ष-दोन वर्षे तग धरतात आणि मग एखाद्या कार्यक्रमात सुटतात. म्हणून नवा स्क्रू घालताना तो बोटांनी चार-पाच वेढे सहज गेला पाहिजे. गेला नाही तर तो त्या भोकाचा नव्हे.

पत्र्याच्या कानाचा इलाज सोपा निघाला. अडीच मिलिमीटरच्या आट्यांचा भुगा झाला की भोक साधारण अडीच मिलिमीटरचेच उरते. आणि तीन मिलिमीटरचे आटे पाडायला आधी जे भोक लागते ते बरोबर अडीचचेच! म्हणजे नवे भोक न पाडता तीन मिलिमीटरचा टॅप सरळ फिरवता येतो. पिकअप गिटारमधून सोडवून, वेढे चिकटपट्टीने झाकून, तेलाचा थेंब टाकून, अर्धा वेढा पुढे आणि पाव वेढा मागे असे टॅपने आटे पाडले. निघालेला कीस लगेच पुसावा. कान लोखंडी असेल तर तो कीस चुंबकाला चिकटतो आणि मग सहजासहजी निघत नाही. त्यावर चिकटपट्टी दाबून उचलावा. मग चौकटीतले भोक गोल कानशीने तीन मिलिमीटरच्या स्क्रूपुरते मोठे केले, की काम झाले.

टॅप मिळत नसेल तर कानाच्या खालच्या बाजूला त्या मापाचा नट बसवावा. दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून, स्क्रूला ग्रीस लावून, दोन भाग मिसळून करायच्या अराल्डाइटने नट चिकटवावा आणि एक रात्र हलवू नये. ग्रीस विसरलात तर स्क्रूही कायमचा चिकटेल. काही जण नट सोल्डर करतात. मी तसे सुचवणार नाही, कारण कानाला दिलेली उष्णता आत वेढ्यांपर्यंत पोहोचते आणि आतले प्लॅस्टिक वितळू शकते. स्प्रिंग हरवली असेल तर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा तिच्या जागी चांगला चालतो.

लाकडातल्या भोकाबाबत मी आधी घरगुती उपाय केला. काडीपेटीची काडी फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात खुपसली आणि अर्ध्या तासात स्क्रू पिळला. आठ दिवसांत तो पुन्हा ढिला. पुढे कर्मचारी संघटनेच्या कामाला मिरजेला जाणे झाले, तेव्हा तिथल्या एका सतार करणाऱ्या कारागिराला विचारले. मिरजेची ही परंपरा वाचकांना ठाऊक असेलच. शिकलगार मंडळींचा मूळ धंदा शस्त्रांना धार लावण्याचा. एकोणिसाव्या शतकात ते काम आटले तेव्हा त्यांतील काहींनी तंतुवाद्ये करण्यास सुरुवात केली. फरीदसाहेब यांचे नाव तिथे आद्य सतारमेकर म्हणून घेतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. तलवारीला धार लावणारे हात भोपळ्यावर आणि तूनच्या लाकडावर बसले. जन्माबरोबर धंदा चिकटलेला असतो असे सांगणाऱ्यांनी मिरजेला एक चक्कर मारावी.

कारागीर चाचांनी माझी काडी ऐकून हसून विचारले, "साहेब, लाकडाला रग असते, ठाऊक आहे ना?" मग समजावून सांगितले. काडीपेटीची काडी मऊ लाकडाची. शिवाय काडी उभी घातली की तिचे धागे स्क्रूच्या दिशेने उभे राहतात, आणि स्क्रू धाग्यांच्या मधून फट काढून निघून येतो. मोठ्या ओझ्याच्या जागी भोक थोडे मोठे करून कठीण लाकडाची गुल्ली ठोकावी. तिचे धागे आजूबाजूच्या लाकडासारखे आडवे असावेत, म्हणजे स्क्रू धागे कापत जातो आणि घट्ट बसतो. पिकअपची चौकट मात्र हलकी असते. तिथे बांबूची काडी पुरते, फक्त घाई करू नये.

बांबूची काडी कुठली आणायची? विहारात उदबत्ती जळून गेल्यावर जे बूड उरते ते बांबूचेच असते. त्याचा मसाला न लागलेला कोरडा भाग घ्यावा. काडी भोकाच्या खोलीएवढी कापून, फेव्हिकॉल लावून एक घालावी. फट राहिली तर चाकूने तासून दुसरी तिच्या शेजारी ठोकावी. भोक पूर्ण भरले पाहिजे. वर आलेले गोंदाचे थेंब ओल्या फडक्याने पुसावेत. मग पूर्ण एक रात्र थांबावे. दुसऱ्या दिवशी उंचवटा धारदार पात्याने सपाट करून, मध्यभागी दीड मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडावे. ड्रिलला स्क्रूच्या लांबीवर चिकटपट्टीची खूण करावी, नाही तर हात घसरून भोक आरपार जायचे. स्क्रूच्या आट्यांना मेणबत्तीचे मेण चोळावे. विहारातल्या मेणबत्तीचा तुकडा त्याला उत्तम.

शेवटी स्क्रू घालताना एक युक्ती आहे. ती सुतारकाम करणाऱ्या जुन्या माणसांना ठाऊक असते. जुन्या भोकात स्क्रू पुन्हा घालताना आधी तो उलटा, म्हणजे सोडण्याच्या दिशेने, हलकेच फिरवावा. एका ठिकाणी तो टिचकन खाली बसल्यासारखा वाटतो. तिथे जुना आटा सुरू होतो. तिथून मग सुलटा फिरवावा. असे केले की प्रत्येक वेळी नवा आटा कापला जात नाही आणि भोक वर्षानुवर्षे टिकते. स्क्रूचे डोके टेकले की थांबावे. त्यानंतरचा अर्धा वेढा हाच भोकाचा शत्रू आहे.

खर्चाचा हिशेब : दोन लांब स्क्रू १० रुपये, फेव्हिकॉलची छोटी बाटली २० रुपये, टॅप मित्राचा म्हणून फुकट. मित्राच्या वर्कशॉपमध्ये सहा जणांचा चहा ६० रुपये. एकूण ९० रुपये, त्यात चहाच जास्त.

पुढच्या बैठकीत मी तो पिवळा स्क्रू टेबलावर ठेवला आणि झालेले सांगितले. काही वेळ कोणी बोलले नाही. मग ते ज्येष्ठ म्हणाले, "मग तवाच का बोलला न्हाईस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पावतीपुस्तकातील त्या पावतीवर "रद्द" असे लिहून सही केली. तिची पावती परत घेऊन पुस्तकातल्या प्रतीला जोडली. ५०० रुपये मी आणि पत्नी तिच्या घरी जाऊन देऊन आलो. तिने ते घेतले. मुलगा घरात होता, पण बाहेर आला नाही. तो दोन आठवड्यांनी सरावाला आला. माझ्याशी अजून मोजकेच बोलतो, आणि त्यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. गिटारचे शेवटचे स्क्रू मात्र त्यानेच घातले. मी बाजूला बॅटरी धरून उभा होतो.

आता जतच्या बंधूंसाठी. बेंजोचे अंग बहुधा प्लायवूडचे किंवा पातळ फळीचे असते. त्यात नुसती काडी टिकणार नाही, कारण स्क्रूला धरायला खोलीच मिळत नाही. आतून हात पोहोचत असेल तर भोकाच्या मागे सागवानाचा बोटभर रुंद तुकडा फेव्हिकॉलने चिकटवा, रात्रभर दाबून ठेवा आणि मग दोन्हींतून मिळून दीड मिलिमीटरचे भोक पाडा. ड्रिल मारताना पिकअप खाली उतरवून ठेवा. स्क्रू नवा घेणार असाल तर जुना सोबत नेऊन मापाचाच घ्या. तरीही अडले तर बेंजो घेऊन रविवारी दुपारी साताऱ्याला आमच्या विहारात या. तो मुलगा तीन ते पाच सरावाला असतो. या कामात आता त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला आहे.